लो मायलेजची गाडी

जाहिरात माझ्या मुलीनं टाकली. ती पुण्यात असते, तिला इंटरनेटवरचं सगळं कळतं. मी शेडमध्ये जाऊन गाडीचे फोटो काढून पाठवले आणि तिनं मजकूर लिहिला: विंटेज कन्व्हर्टिबल, उत्तम स्थितीत, लो मायलेज. खाली माझा नंबर. दुसऱ्या दिवशी मी चूळ भरायच्या आत पहिला फोन आला.

"साहेब, जाहिरात बघितली. लो मायलेज म्हंजी नेमकं किती देती हो?"

मला आधी कळेना, मग उजेड पडला. मुलीच्या इंग्रजीत लो मायलेज म्हणजे गाडी फारशी पळालेली नाही, म्हणजे कौतुकाची गोष्ट. आमच्या सांगली-साताऱ्याकडं मायलेज म्हणजे ॲव्हरेज, एका लिटरात गाडी किती जाते ते. तेव्हा लो मायलेज म्हणजे गाडी पेट्रोल ढोसते आणि मालक ते स्वतःच्या तोंडानं चारचौघांत सांगतोय. तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी मला समजुतीच्या सुरात म्हणाला, "आवं, मायलेज न्हाई तर न्हाई, पन ते जाहिरातीत कशाला ल्ह्यायचं? गप बसायचं की." कडेगावच्या एका ऊसवाल्याला पोराच्या वरातीसाठी गाडी हवी होती. घरापासून कार्यालयापर्यंत एका टाकीत पोचेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी प्रत्येकाला समजावत बसलो. मी मुळात तापट, त्यामुळं दुपारपर्यंत समजावण्याचं ओरडणं झालं. आई पलीकडच्या खाटेवर पाय लांब करून बसलेली असायची. मायलेज हा शब्द त्या दोन-तीन दिवसांत तिनं शंभरदा तरी ऐकला असेल.

गाडी विलायती. दोन दारं, गर्द हिरवा रंग, आत तपकिरी चामड्याच्या बैठका आणि वर मागं दुमडणारा कापडी टप. माझे वडील सांगलीत वकिली करायचे. साताऱ्यातल्या एका बड्या घरातला मुलगा कायमचा परदेशी निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. घेतली तेव्हा मीटरवर साडेपाच हजार मैल होते. वडील गेले तेव्हा सहा हजार आठशे चौदा. चाळीस वर्षांत तेराशे मैल! आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याची सायकल ह्याहून जास्त फिरली असेल.

वडिलांचं त्या गाडीशी वागणं म्हणजे एक व्रत होतं. रविवारी सकाळी आंघोळ करून ते शेडमध्ये जायचे, इंजिन चालू करायचे, दहा मिनिटं डोळे मिटून ऐकायचे आणि बंद करायचे. मग मऊ फडक्यानं पुसायचे. एरवी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, टायर चपटे होऊ नयेत म्हणून. दसऱ्याला ती खाली उतरायची. झेंडूचे हार, चाकांखाली लिंबू, मग गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन परत. गाडीत ते आणि मी. आईनं गाडीला ओवाळायचं आणि फाटकात उभं राहायचं. एकदा ती सहज म्हणाली, मीही येते. वडील म्हणाले, "तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग पडेल मागं." रागानं नाही म्हणाले. मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाले. मी पुढच्या सीटवर बसलेलो होतो आणि मीही काही बोललो नाही.

आईचं माहेर साताऱ्याच्या पुढं खंडाळा तालुक्यात, एका लहानशा गावात. शेतकरी घर, भाऊ पलटणीत. गाडी आली त्या वर्षी मामा रजेवर आला होता. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, टप दोनदा उघडून मिटून बघितला आणि वडिलांना म्हणाला, "दाजी, औंदा जत्रंला ह्याच गाडीनं यायचं. टप खोलून. सगळं गाव बघू दे." वडील म्हणाले, "आणू की." आईनं ते मनात धरलं. तिनं माहेरी निरोप धाडला. तिनं आयुष्यात कधी मिरवलं नव्हतं, तेवढं एकदा मिरवायचं ठरवलं.

जत्रा आली तेव्हा वडील म्हणाले, शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे, गाडी खाली घासेल. आम्ही एसटीनं गेलो. सांगली ते सातारा, तिथून खंडाळा, तिथून मिळेल ते. मी नुकताच पाटबंधारे खात्यात लागलो होतो, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आईच्या मागं चाललो होतो. पारावर बायका होत्याच. माझी मामी पुढं आली, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्यात डोकावून म्हणाली, "वन्सं, गाडी कुटं हाय? ह्यात घडी घालून आनली व्हय?" सगळ्या हसल्या. आईही हसली. मामीच्या मनात काही वाईट नव्हतं, नणंद-भावजयीची नेहमीची चेष्टा होती. पण ती चेष्टा गावानं उचलली. आई कधीही गेली की कोणीतरी विचारायचंच, आज गाडी कुटं लावली?

पुढं रस्ता डांबरी झाला. मग खंबाटकीच्या घाटात इंजिनातलं पाणी उकळेल, असं निघालं. मग बोगदा झाला, जाताना घाट चढायचं कारण उरलं नाही. तेव्हा हमरस्त्याचं रुंदीकरण सुरू होतं, खडी उडून रंग जाईल. ते संपलं तोवर वडिलांचे हात थरथरायला लागले होते. आई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ह्याला चालवू द्या. "त्याच्या हातात?" वडील म्हणाले, आणि विषय संपला. मला अपमान झोंबला, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

महापुराच्या वर्षी तर कमाल झाली. कृष्णेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या दोन दिवस आधीच वडिलांनी गाडी टेम्पोत चढवून तासगावला हलवली, एका अशिलाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये. टेम्पोत चढवून, म्हणजे मीटरही हलू नये. आई म्हणाली, मलाबी संगं जाऊ द्या तासगावला, पाण्याचं भ्या वाटतंय. टेम्पोवाल्याच्या शेजारी जागा होती. पण तिथं वडील बसले, गाडीवर नजर ठेवायला. ते परत येईतो रस्ता बंद झाला. आईला मी तिसऱ्या दिवशी गच्चीवरून बोटीत उतरवलं. चिखलानं भरलेलं घर आम्ही महिनाभर धूत होतो. गाडीवर मात्र धुळीचा कणसुद्धा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. मी त्यांच्यासारखा नाही, असं मी आयुष्यभर स्वतःला बजावत आलो होतो. गाडी विकायची ठरवली तीही त्याच तोऱ्यात. पैशांची नड नव्हती. मला ती शेडमधली हिरवी वस्तू डोळ्यांसमोर नको होती. आईला विचारलं. ब्याऐंशी वर्षांची आई, हृदय थकलेलं, पायांवर सूज.

"इक की," ती म्हणाली. "पन आदी मला एकदा गावाकडं ने हिच्यातनं. टप खोलून. तुजी मामी हाय आजून, वट्यावर बसून आसती. तिला दिसतंय आजून."

"नेतो की. पुढच्या रविवारी."

डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, हळू चालवा, मधे थांबा, काही हरकत नाही. मनासारखं होणार असेल तर न्याच. मी टायरमध्ये हवा भरून घेतली, नवी बॅटरी बसवली. आईनं पेटीतलं हिरव्या काठाचं लुगडं काढून खाटेच्या दांडीवर टाकलं.

गुरुवारी पुण्याहून एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, शांत बोलणारा, जुन्या गाड्यांचा शौकीन. फोनवर ज्याला लो मायलेजचा अर्थ समजवावा लागला नाही, असा तो एकटाच. त्यानं गुडघे टेकून खालून बॅटरीच्या उजेडात गाडी बघितली, चामड्यावरून हात फिरवला, मग आत बसून मीटरचा फोटो काढला. "काका," तो म्हणाला, "आकडा बघा हा! ह्या आकड्यालाच किंमत आहे. जपा बरं." आई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मी कागद आणायला घरात गेलो, फाईल सापडेना म्हणून वेळ लागला. परत आलो तेव्हा तो आईपाशी बसून चहा पीत होता आणि दोघं हसत होती. व्यवहार ठरला. सांगलीहून पुण्याला गाडी वर्ग करायची म्हणजे आरटीओचे दाखले आले, महिना तरी लागणार होता. मग येऊन घेऊन जातो, असं म्हणून तो गेला.

रविवारी सकाळी आई लुगडं नेसून तयार. मी शेडमध्ये गेलो, किल्ली लावली, आणि मीटरकडं बघत बसलो. सहा हजार आठशे चौदा. खंडाळ्याला जाऊन येऊन दोनशे मैलांच्या वर होतात. सात हजार पार. त्याच्या फोनमध्ये फोटो होता. 'जपा बरं' म्हणाला होता. तो भाव पाडेल, ही भीती होतीच. पण त्याहून वाईट असं काहीतरी माझ्या मनात होतं. चाळीस वर्षं जपलेला तो आकडा माझ्या हातून बिघडू नये, असं मला वाटलं. ज्या माणसाला मी जन्मभर नावं ठेवली, तो माझ्या आत किल्ली धरून बसला होता.

मी बाहेर येऊन सांगितलं, ब्रेक लागत नाहीत नीट.  आईनं आत जाऊन साधं लुगडं नेसलं.

ब्रेक बघायला मेकॅनिकला बोलावलं, कारण खोटंही निभवावं लागतं. त्याला ब्रेकमध्ये काही सापडेना. शेवटी मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "हात्तिच्या! मीटरची केबल काडून ठिवतो. जावा, या, परत जोडतो. मीटर फिरायचाच न्हाई." मी त्याच्यावर उखडलो. फसवणूक करायला सांगतोस का म्हणून चांगलं सुनावलं. प्रामाणिकपणाचं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पुण्याला एक फोन करून साधं विचारणं मात्र मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू? सुचलं होतं. तीनदा नंबर काढला. तो नाही म्हणेल ह्याची भीती नव्हती. हो म्हणेल ह्याची होती.

आईला म्हणालो, आपली छोटी गाडी आहे ना, एसी आहे, आरामात नेतो.

"तिच्यातनं काय? चाळीस वर्सं यष्टीनं ग्येलेच की मी."

"मग भाड्यानं मोठी गाडी करू."

"भाड्याची गाडी मामीला दावू व्हय?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आठवडाभरानं दुपारी ती माझ्या खुर्चीपाशी भिंत धरधरत आली. हातात गाठ मारलेला हातरुमाल. "हे घे," ती म्हणाली. "तू पेट्रोलला भितूयास. समदे फोनवाले म्हनत व्हते, लय पीती, मायलेज न्हाई तिला. ह्यातनं टाकी भर. माझं मी जाते, तुला खर्च न्हाई."

 तिला सांगता आलं असतं, आई, मायलेज म्हणजे पेट्रोल नव्हे. मायलेज म्हणजे तू गेलीस तर वाढेल तो आकडा, आणि तो वाढलेला मला नको आहे. एवढी दोन वाक्यं होती. पण तिची चूक माझ्या इतकी सोयीची होती की मी ती तशीच राहू दिली.

"पेट्रोलचंच बघतोय," मी म्हणालो. "थोडं थांब. दर उतरतील."

ती माझ्याकडं जरा वेळ बघत उभी राहिली. मग रुमाल परत कनवटीला लावला आणि भिंत धरून गेली. त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलं नाही. बायको मला म्हणाली, "तुम्ही अगदी मामंजींसारखे दिसायला लागलात हल्ली." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

महिना भरायला चार दिवस असताना सकाळी आईला दम लागला. छोट्या गाडीतून दवाखान्यात नेलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं, मऊ भात खाल्ला, नर्सशी तिच्या गावाबद्दल बोलली. तिसऱ्या दिवशी गेली. मामीला आणायला खंडाळ्याला माझा भाचा गेला, पण ती गाडीत बसण्याच्या अवस्थेत नव्हती. दोघींची भेट झालीच नाही.

पुण्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, घरात जरा अडचण आहे, पंधरा-वीस दिवसांनी या. 'अडचण' म्हटलं की आपल्याकडं कोणी पुढं विचारत नाही. त्यानंही विचारलं नाही.

तेरावा झाल्यावर तो आला. एकटाच, एसटीनं, खांद्यावर एक पिशवी. दहाव्याला केस काढलेले, म्हणून मी टोपी घालून होतो. मला वाटलं होतं मागून ट्रक येईल.

"ट्रक कुठाय?" मी विचारलं.

"ट्रक कशाला? चालवतच नेणार. सातारा, खंडाळा, पुणे. संध्याकाळपर्यंत पोचतो."

"मीटर वाढेल," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून गेले, हे मला आजही खरं वाटत नाही.

तो मोकळेपणानं हसला. "वाढू दे की, काका. गाडी चालवायलाच घेतली. भिंतीला टांगायची होती तर फोटोच घेतला असता."

त्यानं टप मागं दुमडला, आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मग घराकडं बघून म्हणाला, "आजी दिसत नाहीत? जाऊन आल्या का मग गावाला?"

"तुम्हाला काय माहीत गावाचं?"

"त्यांनीच सांगितलं ना. तुम्ही फाईल आणायला गेला होता त्या दिवशी. म्हणाल्या, माझा ल्योक तुमच्या आकड्यापायी अडून बसंल, म्हनून मीच इचारते, एक डाव माहेराला जाऊन आले तर चालंल का? मी म्हटलं, आजी, खुशाल जा, दहा वेळा जा. दोनशे मैलांनी काय होतंय? मी तुम्हाला सांगतो म्हणत होतो, तर म्हणाल्या, त्याला बोलू नगा. त्यो आपनहून नेतोय का बघू."

इंजिन चालू होतं. म्हणजे आकड्याचं तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मायलेज म्हणजे काय, हे ती त्या दोन-तीन दिवसांत माझ्या ओरडण्यातूनच शिकली होती. पेट्रोलचे पैसे घेऊन आली तेव्हा तिची काहीच चूक होत नव्हती. मी खरं बोलतो का, एवढंच ती बघत होती, आणि मी तिला पेट्रोलचे दर सांगितले.

तो उत्तराची वाट बघत होता.  मी डोक्यावरची टोपी काढली.

त्याचा चेहरा पडला. त्यानं इंजिन बंद केलं. "कधी?"

"परवा तेरावा झाला."

तो गाडीतून उतरला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.  मग त्यानं हळूच विचारलं, "पण त्याआधी नेलं होतं ना त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.